सोडायचं तर ठरवून सोडा

इंग्लंडमध्ये खेड्यातलं जुनं चर्च बघायला तिकीट लागत नाही. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरायचं तर खिसा बराच हलका होतो. पण पूर्व इंग्लंडमधल्या सफक किंवा नॉरफक परगण्याच्या एखाद्या आडगावात सहाशे-सातशे वर्षांची वास्तू दिवसभर उघडी असते. जड लाकडी दाराची लोखंडी कडी फिरवायची आणि आत जायचं. आत बहुधा कुणीच नसतं. दाराशी एक वही, वाटलं तर नाव लिहा. जुन्या पुस्तकांचं टेबल, कुणी तरी घरी केलेल्या जॅमच्या बाटल्या आणि भिंतीत पक्की बसवलेली पैशांची पेटी. मुलाकडे-मुलीकडे सहा महिने राहायला आलेले आपल्याकडचे आई-वडील अशा ठिकाणी हटकून दोन प्रश्न विचारतात: इथं पुजारी नसतो का, आणि चोरी होत नाही का? पुजारी नसतो, कारण एकेका पाद्र्याकडे पाच-सहा गावं असतात. चोरी होते, त्याबद्दल पुढे. तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे: हे सगळं उभं ठेवायचा खर्च कोण करतं, आणि कुणी करायला हवा?

आधी पसारा सांगतो. चर्च ऑफ इंग्लंडच्या ताब्यात सुमारे १६,००० चर्चच्या इमारती आहेत. त्यातल्या १२,००० हून अधिक वारसा म्हणून संरक्षित यादीत आहेत. इंग्लंडमधल्या पहिल्या श्रेणीच्या संरक्षित इमारती घेतल्या, तर त्यातल्या जवळजवळ निम्म्या चर्चेस निघतात. म्हणजे या देशाची जुनी सुतारकी, दगडकाम, काच, चित्रकला यांचं सगळ्यात मोठं संग्रहालय हजारो गावांत विखुरलेलं आहे. त्याला पहारेकरी नाही आणि संचालकही नाही. एकट्या नॉरफक परगण्यात मध्ययुगीन चर्चेस साडेसहाशेच्या वर आहेत.

आणि याचा खर्च करतं कोण? कायद्यानं दुरुस्तीची जबाबदारी आहे त्या त्या गावच्या चर्च समितीवर. ही समिती म्हणजे बहुतेक ठिकाणी निवृत्तीला आलेली किंवा निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली आठ-दहा माणसं. त्यातला खजिनदार अनेकदा स्वतः फारसा भाविक नसतो. शहरातली नोकरी संपवून गावात आला, हिशेब जमतो म्हणून गळ्यात पडलं. या माणसांनी छपराचं शिसं, मनोऱ्याचा दगड, घंटांच्या तुळया, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी, विमा, वीज हे सगळं सांभाळायचं. वर पाद्र्यांच्या पगारासाठी बिशपच्या कार्यालयाकडे दरवर्षी ठरावीक वाटा पाठवायचा. छपराच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक लाखाच्या घरात गेलं, पौंडांत, की गावात केकविक्री, बागेतली जत्रा, सायकलफेरी सुरू होते. सप्टेंबरातल्या एका शनिवारी लोक वर्गणी मिळवून या चर्चपासून त्या चर्चपर्यंत सायकली हाकतात. कौतुकास्पद आहे. पण राष्ट्रीय वारशाचा निम्मा भार केकवर टाकणं हे धोरण होऊ शकत नाही.

हे असंच पूर्वापार चालत आलंय, असं खुद्द इंग्रज माणसालाही वाटतं. तसं ते नाही. १८६८ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, चर्चच्या देखभालीसाठी सक्तीची पट्टी होती, आणि ती गावातल्या सगळ्या करदात्यांना, चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्या मेथडिस्ट-बॅप्टिस्टांनाही, भरावी लागे. जे तिथं प्रार्थना करत नव्हते त्यांनी पैसे का द्यावेत, हा त्यांचा आक्षेप बरोबर होता आणि संसदेनं ती सक्ती रद्द केली. पण पट्टी गेली तेव्हा तिच्या जागी काहीच आलं नाही. इमारती तेवढ्याच राहिल्या, उलट व्हिक्टोरियन काळात हजारोंनी वाढल्या, आणि खर्च हळूहळू भाविकांच्या दानावर आला. तेव्हा भाविक पुष्कळ होते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, आणि त्यातले बहुसंख्य चर्चमध्ये लग्नाला किंवा नाताळला जातात.

आता समुद्राकडे येऊ, कारण या प्रश्नाचं उत्तर मला समुद्रकाठावर दिसतं.

सफकचा किनारा मऊ आहे. खडक नाहीत, वाळू, रेती आणि मातीच्या दरडी. समुद्र त्या खालून खातो आणि वरचं शेत, रस्ता, घर खाली येतं. डनिच नावाचं गाव याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. आज तिथं एक रस्ता, एक पब, थोडी घरं आणि एका जुन्या मठाच्या भिंती आहेत. मध्ययुगात हे पूर्व किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे नॉर्मन राजाच्या जमीन-महसुलाच्या नोंदवहीत, इथली जमीन पूर्वी होती त्याच्या अर्धीच उरली, बाकीची समुद्रानं नेली, अशी नोंद आहे. नंतर १२८६ आणि १३२८ च्या वादळांनी बंदराचं तोंड बुजवलं आणि शहराचा कणाच मोडला. गंमत अशी की शहर पाण्यात गेलं तरी त्याचे दोन खासदार १८३२ पर्यंत संसदेत बसत होते; शेवटी शेवटी मतदार उरले होते बत्तीस. शेवटचं मध्ययुगीन चर्च, ऑल सेंट्स, कड्यावरून थोडं थोडं करून कोसळत गेलं. १९०४ नंतर पंधरा वर्षांत सगळं खाली आलं. त्याच्या स्मशानातली हाडं कित्येक वर्षं दरडीतून बाहेर येत होती.

या भागातली चर्चेस एवढी प्रचंड का, याचं उत्तरही पाण्यातच आहे. लोकर, कापड, हेरिंग मासळी, पलीकडच्या नेदरलंड्सशी व्यापार. पंधराव्या शतकात इथल्या व्यापाऱ्यांकडे पैसा आला तो त्यांनी गारगोटीच्या भिंतींत आणि कोरीव छपरांत घातला. या भागात बांधायला दगड नाही, म्हणून शेतात नि किनाऱ्यावर सापडणारी गारगोटी फोडून भिंती रचल्या. ब्लायबरा गावात आज काहीशे माणसं राहतात, पण होली ट्रिनिटी चर्च दलदलीच्या कडेला असं उभं आहे की त्याला ‘दलदलीतलं कॅथीड्रल’ म्हणतात. छताच्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. त्यांच्या अंगात छर्रे सापडले. लोकांनी खापर फोडलं सतराव्या शतकातल्या मूर्तिभंजक प्युरिटनांवर, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांवर. पण कावळ्याच्या जातीचे जॅकडॉ पक्षी छपरात घरटी करत, त्यांच्यावर बंदुका झाडायला गावानं पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. अठराव्या शतकातल्या देखभालीचा हा नमुना.

जवळच वेनहॅस्टन आहे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत इथल्या लाकडी फळ्यांवरचं कयामतीच्या दिवसाचं चित्र चुन्यानं पांढरं करून टाकलं होतं. ते चित्र आहे हेच लोक विसरले. १८९२ मध्ये दुरुस्ती निघाली तेव्हा या जुन्या फळ्या भंगार म्हणून बाहेर आवारात टाकल्या. रात्री पाऊस झाला. सकाळी चुना वाहून गेलेला, आणि फळ्यांवर मुकुट घातलेले नागडे राजे, सैतान आणि तराजू घेतलेला देवदूत. आज ते चित्र चर्चच्या भिंतीवर आहे आणि बघायला पैसे पडत नाहीत. पाऊस एक दिवस उशिरा आला असता तर त्या फळ्यांचं काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

तर किनाऱ्याचं धोरण. इंग्लंडच्या सगळ्या किनाऱ्याचे तुकडे पाडून त्या प्रत्येकासाठी एक आराखडा केलेला आहे. प्रत्येक तुकड्याला चारपैकी एक शेरा मिळतो: आहे ती रेषा राखायची, रेषा समुद्रात पुढे न्यायची, नियोजनपूर्वक मागे सरायचं, किंवा काहीच करायचं नाही. हे शेरे तीन टप्प्यांसाठी लिहिलेत: २०२५ पर्यंत, २०५५ पर्यंत, २१०५ पर्यंत. नकाशे सार्वजनिक आहेत. कुणीही आपलं गाव शोधून बघू शकतं की सरकार आपल्याला वाचवणार आहे की नाही.

हे वाचायला क्रूर वाटतं, आणि आहेही. नॉरफकच्या किनाऱ्यावर हेझब्रा गावात सेंट मेरीचा ३३ मीटर उंच मनोरा शतकानुशतकं खलाशांची खूण होता. त्याच्या आवारात ‘इन्व्हिन्सिबल’ नावाच्या युद्धनौकेच्या ११९ खलाशांची सामायिक कबर आहे. १८०१ मध्ये जहाज वाळूच्या दांड्यावर रुतून बुडालं आणि सुमारे चारशे माणसं मेली. याच गावाच्या किनाऱ्यावर २०१३ मध्ये साडेआठ लाख वर्षांहून जुने मानवी पाऊलठसे सापडले. आफ्रिकेबाहेरचे ज्ञात असलेले सगळ्यात जुने. मोजमाप नि छायाचित्रं उरकेपर्यंत दोन आठवड्यांत लाटांनी ते पुसून टाकले. या गावातला १९५० च्या दशकातला लाकडी बंधारा मोडला तो परत बांधला गेला नाही. कड्याकाठची घरं एकेक करत गेली. त्याच किनाऱ्यावर थोड्या अंतरावर बॅक्टन इथं देशाचा मोठा वायू-प्रकल्प आहे. २०१९ मध्ये त्याच्या आणि शेजारच्या गावांच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर १८ लाख घनमीटर वाळू आणून टाकली. वायूच्या नळांना वाळू, हेझब्राला शेरा. धूप होऊन घर गेलं तर इंग्लंडमध्ये कायद्यानं भरपाई मिळत नाही. मिळालं तर घर पाडायच्या खर्चासाठी ६,००० पौंडांपर्यंत अनुदान. २००९ नंतर एका प्रायोगिक योजनेत हेझब्राच्या कड्यावरची काही घरं नगरपरिषदेनं विकत घेतली आणि घरमालकांना आत, जमिनीकडे सरकायला मदत केली. त्या योजनेचे पैसे संपले तसा तो मार्गही बंद झाला. आता दहा-बारा वर्षांनी तोच विचार नव्या नावानं पुन्हा आलाय.

तरीही मी म्हणतो की किनाऱ्याचं धोरण चर्चेसच्या बाबतीतल्या धोरणापेक्षा प्रामाणिक आहे. कारण ते आहे. कुणी तरी ठरवलं, लिहून ठेवलं, सही केली. लोक त्याच्याशी भांडू शकतात, आणि भांडतात; हेझब्राच्या लोकांनी भांडूनच ती प्रायोगिक योजना मिळवली. चर्चेसच्या बाबतीत मागे सरणं चालूच आहे, फक्त ते कुणी ठरवलेलं नाही. इमारत सोडायची असं कुणीही म्हणत नाही. एक पन्हळ तुंबते. पाणी भिंतीत मुरतं. गिलावा पडतो, तुळईला कीड लागते. शिसं चोरीला जातं. छपरावरचं शिसं भंगारात चांगल्या भावानं जातं, म्हणून २०१३ मध्ये भंगारविक्रीवर नवा कायदा आणावा लागला. विमा कंपनी भरपाईला मर्यादा घालते. वटवाघळं आत येतात आणि त्यांना हात लावायची सोय नाही, कारण कायद्यानं त्यांना संपूर्ण संरक्षण आहे. त्यांच्या मुतानं पितळी पत्रे आणि जुनी चित्रं खराब होतात. (यावर लॉटरीच्या पैशातून एक राष्ट्रीय प्रकल्प झाला, पाच वर्षांचा. वटवाघळांसाठी आराखडा आहे, चर्चसाठी नाही, असा विनोद त्यावर सहज करता येतो.) खजिनदार म्हातारा होतो, दुसरा मिळत नाही. एक दिवस दाराला कुलूप लागतं आणि दारावर कागद: ‘चावी अमुक घरी मिळेल’. नंतर तो कागदही जातो. २०२० च्या साथीत बंद झालेली काही दारं त्यानंतर रोजची उघडलीच नाहीत.

चर्च रीतसर बंद झालंच तर त्यातल्या उत्तमांसाठी सोय आहे. १९६९ पासूनचा चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट, सरकार आणि चर्च दोघांच्या पैशावर, साडेतीनशेहून अधिक निरुपयोगी ठरलेली चर्चेस सांभाळतो. पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी काही चर्चेसमध्ये उन्हाळ्यात रात्री मुक्कामाची सोय करून भाडं घ्यायला सुरुवात केली; बाकांमध्ये खाट टाकून झोपायचं. आणि ज्यांना तो ट्रस्टही घेत नाही त्यांच्यासाठी १९५७ मध्ये एका माजी खासदारानं स्थापलेली ‘मित्रहीन चर्चांचे मित्र’ नावाची छोटी संस्था आहे. नाव ऐकून हसू येतं, काम बघून येत नाही. पण या दोन्ही संस्था मिळून चारशेच्या आसपास इमारती. बाकीच्या हजारोंचं काय? त्या निरुपयोगीही ठरलेल्या नाहीत आणि उपयोगातही धड नाहीत.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे: चर्च ऑफ इंग्लंड श्रीमंत आहे, त्यांनी करावा खर्च. चर्चच्या मध्यवर्ती कमिशनर मंडळाकडे १० अब्ज पौंडांहून अधिक गुंतवणूक आहे. त्यातला काही जुना पैसा अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या साऊथ सी कंपनीत होता, हे त्या मंडळानं स्वतः संशोधन करून मान्य केलं आणि भरपाईचा निधीही जाहीर केला. म्हणजे पैसा आहे. तो बिशप, कॅथीड्रल, पाद्र्यांचे जुने निवृत्तिवेतन आणि धर्मकार्य यांवर जातो. गावच्या इमारतींसाठी अलीकडे थोडा सुटू लागलाय. माझ्या मते हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. मंडळानं अधिक द्यायलाच हवं. पण गाभारा दुरुस्त झाला की वेनहॅस्टनचं चित्र कुणाचं? ते बघणारा जर्मन पर्यटक, शाळेची सहल, सायकलवरून आलेला निरीश्वरवादी, यांच्यासाठी एका धर्मसंस्थेनं आपल्या श्रद्धाळूंचा पैसा का खर्चावा? पंधराव्या शतकात हा गावाचा सामायिक खर्च होता. १८६८ मध्ये तो सामायिक राहिला नाही. तो परत सामायिक करा, एवढंच मी म्हणतो, पण या वेळी पट्टी लावून नव्हे. देशाच्या सांस्कृतिक खात्यातून, संग्रहालयांना देतात तसा.

दुसरा आक्षेप धर्मनिरपेक्षतेचा. धर्मनिरपेक्षतेच्या बाबतीत युरोपात फ्रान्सपेक्षा कडक कुणी नाही. त्या फ्रान्सनं १९०५ च्या कायद्यानं चर्च आणि सरकार वेगळं केलं, आणि त्याच कायद्याच्या परिणामी त्याआधीची गावोगावची कॅथलिक चर्चेस गावच्या नगरपालिकेच्या मालकीची झाली, कॅथीड्रल सरकारच्या. धर्माचा सरकारशी संबंध तोडला म्हणून दगडाशी तोडला नाही. छोट्या फ्रेंच गावांना तो भार आज जड जातोय, पाडापाडीच्या बातम्या तिथंही येतात. पण जबाबदार कोण, हे तिथं विचारावं लागत नाही. स्वीडननं २००० मध्ये आपलं चर्च सरकारपासून वेगळं केलं तेव्हा जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी सरकारी भरपाई बांधून दिली. इंग्लंडची स्थिती उलटी आणि विचित्र आहे: राजा चर्चचा प्रमुख, बिशप संसदेत, आणि छपराचे पैसे केकमधून.

मराठी माणसाला यात काय पडलंय, असंही कुणी विचारेल. इथं राहून कर भरणाऱ्याला पडलंय, हे पहिलं उत्तर. दुसरं असं की या भिंतींवर आपलाही थोडा हिशेब आहे. दक्षिण इंग्लंडच्या कितीतरी चर्चेसमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचे संगमरवरी फलक दिसतात; कुणी मद्रासला तापानं गेलेला, कुणी मराठ्यांशी लढताना. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट राहिलेला आणि पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ मध्ये सरे परगण्यातल्या लिम्प्सफील्ड गावी वारला आणि तिथंच त्याचं दफन झालं. मुंबईत त्याच्या पुतण्याच्या, पुढे गव्हर्नर झालेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनच्या, नावाचं स्टेशन होतं त्याचं आता प्रभादेवी झालं, ते योग्यच झालं. पण त्याच्या काळचा इतिहास लिहायचा तर इंग्लंडच्या गावागावांतले हे फलक लागतील, आणि ते ज्या भिंतीत आहेत ती भिंत लागेल. या इमारतींत घातलेला सगळाच पैसा गावच्या लोकरीतून आला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

मग करायचं काय? सगळी १६,००० वाचवा, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे लोक मला भोंदू वाटतात. प्रत्येक चर्च अमूल्य आहे असं बोलायचं आणि मग पेटीत एक नाणं टाकून निघायचं. व्हिक्टोरियन काळात गरजेपेक्षा जास्त बांधली गेलेली, एकसारखी, आतून काहीच विशेष नसलेली अनेक आहेत. त्यांचं ग्रंथालय होवो, दवाखाना होवो, घर होवो. घर झालं की गावकऱ्यांना आत जाता येत नाही, एवढा तोटा आहे, म्हणून घर हा शेवटचा पर्याय.

किनाऱ्यासारखाच आराखडा इथंही हवा, आणि शेरे मारायची हिंमत हवी. कोणत्या इमारती काहीही झालं तरी राखायच्या, कोणत्या दुसऱ्या उपयोगात न्यायच्या, कोणत्या छप्पर काढून सुरक्षित भग्नावशेष म्हणून ठेवायच्या, आणि कोणत्या समुद्राला द्यायच्या. हे धक्कादायक वाटत असेल तर कोव्हहाइथला जाऊन यावं. सफकच्या किनाऱ्यावरच आहे. गावातून समुद्राकडे जाणारा डांबरी रस्ता कड्याच्या टोकाशी तुटलेला आहे. तिथं सेंट अँड्र्यूचं अवाढव्य चर्च होतं. सतराव्या शतकात गावाला ते पेलवेना. १६७२ मध्ये गावकऱ्यांनी परवानगी काढून त्याचं छप्पर उतरवलं आणि त्याच उघड्या भिंतींच्या आत एक छोटं, शाकारलेल्या छपराचं चर्च बांधलं. मनोरा मात्र तसाच ठेवला, जहाजांना खूण लागते म्हणून. साडेतीनशे वर्षांनी ते छोटं चर्च अजून वापरात आहे, मनोरा ट्रस्टच्या ताब्यात आहे, आणि भोवतीच्या भिंती बघायला लांबून लोक येतात. भग्नावशेष रम्य वाटतात खरे. ते रम्य आहेत कारण कुणी तरी वेळेवर हिशेब करून ठरवलं की एवढं राखायचं आणि एवढं सोडायचं. आता तिथला कडा वर्षाला सरासरी चारेक मीटर मागे सरतोय. हे चर्चही जाणार. जाण्याआधी त्याचं दगडन्‌दगड मोजमाप, चित्रण, कबरींची नोंद, घंटांचं स्थलांतर हे सगळं कुणाच्या खर्चानं होणार, हे आजच ठरलेलं असायला हवं. डनिचच्या वेळी ते ठरलेलं नव्हतं आणि स्मशान दरडीतून बाहेर आलं.

समुद्रात बुडालेल्यांच्या बाबतीत इंग्लंडनं हे एकदा करून दाखवलंय. १८०८ पर्यंत किनाऱ्यावर वाहून आलेली प्रेतं जिथं सापडली तिथंच वाळूत, प्रार्थनेशिवाय पुरायची पद्धत होती. खर्च कुणी करायचा ते ठरलेलं नव्हतं. त्या वर्षी संसदेनं कायदा केला की अशी प्रेतं त्या पॅरिशनं चर्चच्या आवारात पुरावीत आणि खर्च परगण्यानं द्यावा. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोचा पाद्री हॉकर खडकांतून बुडालेल्या खलाशांची प्रेतं गोळा करून आणत असे. १८४२ मध्ये बुडालेल्या ‘कॅलिडोनिया’ जहाजाच्या पुढच्या टोकावरची मूर्ती त्याच्या चर्चमध्ये आहे. हॉकरची करुणा मोठी होती यात शंका नाही. पण सगळ्या किनाऱ्यावर हॉकर नव्हते. जिथं नव्हते तिथंही प्रेतं आवारात आली, ती कायद्यात खर्चाचं कलम होतं म्हणून.

पैसा किती आणि कसा द्यायचा, तेही कुणी शोधायला नको, कारण ते शोधून झालंय. २०१७ मध्ये सरकारनंच नेमलेल्या टेलर समितीनं सांगितलं की मोठ्या अनुदानांची वाट बघत बसण्यापेक्षा छोट्या दुरुस्त्यांसाठी नियमित निधी, इमारतीची पाहणी करणारा तज्ज्ञ आणि गावाला चर्चचा इतर उपयोग सुचवणारा सल्लागार द्या. सफक आणि ग्रेटर मँचेस्टरमध्ये २०१८ ते २०२० प्रयोग झाला. प्रयोग संपला, देशभर तशी योजना आली नाही. जुन्या इमारतींचं संरक्षण करणाऱ्या, लेखक-कलाकार विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये सुरू केलेल्या संस्थेचं म्हणणं तर दीडशे वर्षं तेच आहे: रोजची निगा ठेवा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळ येणार नाही. शंभर पौंडांत साफ होणारी पन्हळ दहा वर्षं साफ केली नाही की लाखाचं छप्पर जातं. आपल्याकडे हेमाडपंती देवळाला ऑइल पेंट आणि सिमेंट चोपडून जीर्णोद्धार केला म्हणणाऱ्यांनाही मॉरिस वाचून दाखवायला हरकत नाही, पण तो वेगळा लेख होईल.

आणि सरकार सध्या काय करतं? नवं घर बांधलं तर त्यावर मूल्यवर्धित कर शून्य, आणि सातशे वर्षांच्या भिंतीची डागडुजी केली तर २० टक्के. म्हणजे केक विकून जमवलेल्या प्रत्येक सहा पौंडांतला एक पौंड सरकारी तिजोरीत. २००१ पासून हा कर अनुदान म्हणून परत मिळायची सोय होती. २०२५-२६ या वर्षासाठी त्यावर मर्यादा आली: एका इमारतीला फार तर २५,००० पौंड, आणि देशभर मिळून २.३ कोटी पौंड, संपले की संपले. ज्या गावानं मोठ्या छपराचं काम आधीच हाती घेतलं होतं, त्याचं गणित एका घोषणेनं बिघडलं. आराखड्याची चर्चा व्हायला वर्षं लागतील, ती लागू देत. पण दुरुस्तीवरचा हा कर काढून टाकायला आराखडा लागत नाही, समिती लागत नाही, एका अर्थसंकल्पातलं एक वाक्य पुरतं. ते जोवर येत नाही तोवर आपण तरी पेटीशेजारच्या यंत्रावर कार्ड टेकवताना कॅथीड्रलच्या तिकिटाचा भाव आठवावा आणि तेवढे द्यावेत. नाणी दिली तर ती जवळच्या शहरातल्या बँकेत घेऊन जायला त्या म्हाताऱ्या खजिनदाराला वीस मैल गाडी चालवावी लागते.